दाखवायला काही नसताना

शिरड शहापूरच्या जनकाबाईच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. वसमतच्या पत्र्याच्या चर्चमध्ये रविंद्र पास्टरांनी त्या हाताला तेल लावून प्रार्थना केली. महिन्याभरात ती त्याच हातानं भाकरी थापू लागली. मग दर रविवारी पास्टर तिला पुढं बोलवायचे. "जनकाबाई, हात दाखवा!" तिनं हात वर केला की सगळे "हालेलूया" म्हणायचे. ती येशूकडं वळली म्हणून भावकीनं बोलणं टाकलं होतं, बुद्धविहारातल्या बायका रस्त्यात भेटल्या तर मान वळवायच्या. पण हात हलतोय, एवढं तिला पुरत होतं.

यंदा हळद काढताना तोच हात पुन्हा पडला.

तिचा लेक रत्नपाल म्हणाला, "माय, तवा दवाखान्याच्या गोळ्यांनीच फरक पडला व्हता. तूच त्या मधी सोडून दिल्यास."

जनकाबाईनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मात्र प्रार्थनेला बसलं की "प्रभू" एवढाच शब्द निघायचा आणि पुढं सगळं सुनं. तरी कुणीतरी ऐकतंय, हे मनातून जाईना.

रविवारी ती एसटीनं चर्चला गेली. पास्टरांनी दारातच तो लोंबता हात पाहिला.

"आज मागं बसा, बाई," ते हळूच म्हणाले. "नवीन माणसं आलीत. त्यांचा विश्वास डळमळंल."

ती मागं बसली. शेवटी पास्टरांनी विचारलं, "आणखी कुणाला साक्ष द्यायची? प्रभूनं काय केलं ते सांगायचं?"

जनकाबाई उठली. "माझा हात पुन्हा गेला. तवा प्रार्थनेनं बरा झाला का गोळ्यांनी, मला सांगता येत न्हाई. दाखवायला आता काहीच न्हाई. पण येशूला म्या सोडलं न्हाई."

कुणी हालेलूया म्हटलं नाही. पास्टरांनी घाईनं गाणं धरलं. नंतर चहाच्या वेळी तिच्याजवळ कुणी आलं नाही. पास्टर नव्या माणसांत उभे होते.

परतीच्या बसमध्ये तिचे ओठ हलत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाशी बोलून राहिल्या, मावशी?"

"हाय एकजण."

बाईनं पुढच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं आणि जरा सरकून बसली. जनकाबाईनं तोंड खिडकीकडं केलं आणि खांद्याला रात्रभर कशी कळ लागते, ते सांगणं पुढं चालू ठेवलं.