मधली रेघ

गुणाकर सरांनी उभं आयुष्य एका दगडाची वकिली केली, आणि दगड तो दगडच, त्याने कधी साक्ष दिली नाही.

मलाजखंडच्या वाटेवर एका नाल्यात काळसर खडक उघडा पडला आहे. जगात हाडं नव्हती, शिंपले नव्हते, त्या काळातला. त्यावर पोळीएवढा एक लांबट ठसा आहे. मधून एक रेघ, दोन्ही बाजूंना बारीक फासळ्या. सर बालाघाटच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. हा ठसा जिवंत प्राण्याचाच आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याला शास्त्रात नाव मिळावं, एवढा एकच त्यांचा हट्ट. मोतीबिंदू झाला, गुडघे गेले, तरी माणूस या एका बातमीच्या आशेवर जगतोय, असं सरांच्या पत्नी उमाकाकू म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही.

मी ज्योत्स्ना, त्यांच्या पहिल्या तुकडीतली. आता त्यांच्याच खुर्चीवर बसते.

या फेब्रुवारीत माझ्या पत्रांना कंटाळून का होईना, दोन तज्ज्ञ आले. नागपूरचे डॉ. गजेंद्र आणि पुण्याच्या डॉ. श्रिया. नाल्यात उतरल्या उतरल्या दोघांची जुंपली.

"हा प्राणीच," गजेंद्र म्हणाले. "मधली रेघ बघा ना. डावं-उजवं आहे त्याला."

"इतक्या जुन्या खडकात प्राणी?" श्रिया हसल्या. "शेवाळाचा थर सुकून आकसला तरी अशा सुरकुत्या पडतात. ती रेघ नसती तर मी याला ठसासुद्धा म्हटलं नसतं."

सर काठीवर रेलून ऐकत होते. "काहून भांडून राह्यले?" ते म्हणाले. "प्राणी नाही न वनस्पतीही नाही, असं तिसरंच घराणं असंन. निर्वंश झालं म्हणून ते नव्हतंच का?"

मला भरून आलं. एवढं शहाणं वाक्य त्या दोघांच्या भांडणात एकदाही आलं नव्हतं.

श्रिया भिंग घेऊन दगडावर ओणवल्या. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग म्हणाल्या, "या रेघेवरून लोखंड फिरलंय."

मी पुढे होऊन दगडावर वाकले. सर मात्र खुशीत म्हणाले, "हौ, फिरलंय ना! दर वर्षी."

खरंच होतं ते. ठसा दिसतो तिरप्या उन्हात, आणि आमची बस नाल्यावर पोचायची भर दुपारी. मागच्या पोरांना काही दिसायचं नाही. हात फिरल्याशिवाय डोळ्याला कळत नाही, असं सरांचं मत. म्हणून प्रत्येकाने खिळा घ्यायचा आणि रेघांवरून हलक्या हाताने फिरवायचा. हातोडा काढला तर नापास करीन म्हणायचे, पण खिळा म्हणजे अभ्यास. अशा बावीस तुकड्या झाल्या. आम्ही ज्याला जिवापाड जपत होतो, त्यालाच वर्षावर्षाला कोरत होतो, आणि हे मला, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईला, कधी सुचलं नाही. माझाच मला संताप आला.

"खिळ्यांआधीचा फोटो आहे?" श्रियांनी विचारलं.

होता. पहिल्या सहलीचा, एकच. त्यात ठशाच्या नेमक्या जागेवर मी आणि माझी मैत्रीण पदर सावरून बसलो आहोत.

गजेंद्र माझ्याकडे वळले. "पहिला खिळा तुमच्या तुकडीने फिरवला. त्याआधी ही मधली रेघ दगडात होती का? बाकी सगळं सोडा, यावर सगळं आहे."

"होती ना," सर म्हणाले. "सांग त्याइले, ज्योत्स्ना."

हो म्हणायला काय लागत होतं? म्हाताऱ्याने सुखाने डोळे मिटले असते. पण मला ती दुपार आठवली. पहिला खिळा सरांनी माझ्याच हातात दिला होता. त्याआधी विचारलं होतं, "मधली रेघ दिसून राह्यली का?" आणि सगळा वर्ग एका सुरात "हौ सर" म्हणाला होता. मला फक्त दगड दिसत होता. सगळे म्हणाले म्हणून मीही म्हणाले, आणि अंदाजाने मधोमध खिळा ओढला.

"सर," मी म्हटलं, "मले नव्हती दिसली."

सर माझ्याकडे वळले. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मलेही पक्की नव्हती दिसली," ते हळूच म्हणाले. "म्हणून तं तुमाले इचारलं होतं. चौदा जणांनी हौ म्हणलं, मंग मी खरं धरलं."

श्रियांनी भिंग मिटलं. गजेंद्र पाण्याकडे बघत होते. सर वाकून बोटाने ती रेघ चाचपत होते. रेघ चांगली खोल होती.

"बाकीच्या तेरांपैकी एकाले तरी दिसली असंन ना गं?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत. आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं.