एकेका कामापुरतं

तिने पर्समधून आईने दिलेली सगळी मुखत्यारपत्रं काढली, वकीलकाकांच्या टेबलावर ठेवली आणि उडू नयेत म्हणून त्यांवर घराची किल्ली ठेवली.

"यातलं कुठलं चालेल? घर विकायचंय."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकही नाही गं. देणारं माणूस गेलं की मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर जातं. आता तू मुखत्यार नाहीस, वारस आहेस."

वारस. ती खिडकीच्या गजांकडे पाहत राहिली. आईला जाऊन महिना होत आला होता.

"आणि तशीही ही केव्हाच संपली होती," काकांनी कागद चाळले. "विशेष मुखत्यारपत्रं आहेत ही, एकेका कामापुरती. हे लॉकरचं, हे घरपट्टीच्या तक्रारीचं. काम झालं की कागद रद्दी."

"माहितीये." ती तुटकपणे म्हणाली. "कितीदा सांगितलं तिला, सगळ्या कामांचं एकदाच करून टाक. नाही म्हणजे नाही."

दर वेळी तेच. आईचा फोन यायचा, नवं काम निघालंय, ये. मग रजा टाकायची, दिवसभराचा प्रवास करायचा, नोंदणी कार्यालयाच्या बाकावर दोघींनी ताटकळत बसायचं. ती सारखी घड्याळ बघायची. आई ठेवणीतली शाल पांघरून, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन निवांत. एकदा ठसे घेणारं यंत्रच बिघडलं. 'उद्या या' म्हणणाऱ्या कारकुनावर ती खेकसली होती. आईने थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, "चला, म्हणजे आज मुक्काम."

"काका, खरं सांगा. तिचा माझ्यावर भरवसा नव्हता का?"

"कुणाचा, वहिनींचा?" काका खुर्चीत मागे रेलले. "अगं, सगळ्या कामांचं कुलमुखत्यारपत्र मी पहिल्याच वेळी टाइप करून ठेवलं होतं, तुझ्याच नावाने. वहिनी म्हणाल्या, राहू द्या. मी म्हटलं, अहो, पोरीला कशाला उगाच हेलपाटे? तर म्हणतात कशा, 'एका सहीत सगळं उरकलं, तर ती परत कशाला येईल?'"

काका हसले. मग तिच्याकडे पाहून थांबले.

ती कागदांच्या कडा जुळवत होती. आधीच जुळलेल्या होत्या.

"तुझे हेलपाटे मात्र मी वाचवतो," काका घसा खाकरून म्हणाले. "माझ्या ज्युनियरला कुलमुखत्यारपत्र दे. वारसनोंद, विक्री, किल्ली देणं, सगळं तो बघेल. एकदा सही केलीस की तू सुटलीस. पुन्हा इकडे फिरकायला नको."

त्यांनी पेन पुढे केलं. तिने टोपण काढलं, थोडा वेळ हातात धरलं, मग परत लावलं.

"वारसनोंदीपुरतं तेवढं करा. बाकीचं एकेक बघू. मी येत जाईन."

"अगं, पण उतरणार कुठे? घर तर बंद."

तिने कागदांवरची किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली.