गिरणीचं काळं तेल

१९८६ सालची गोष्ट. मका घरात आला होता. सकाळी रुकुरू नदीवर धुकं असायचं आणि दळणाच्या बायका अंगावर दोन-दोन कापडं लपेटून, डोईवर पाट्या घेऊन गिरणीकडे यायच्या. माझा नवरा येसाया न्यिरोंगो याला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्ष भरलं की दुःख सोडायचं, घरातल्या मोठ्यांनी जमायचं आणि गेलेल्या माणसामागे जे राहिलं त्याचं काय ते ठरवायचं. येसायामागे राहिलेली मोठी वस्तू म्हणजे गिरणी. आणि मी.

मला सगळे न्यामसिस्का म्हणत, मसिस्का कुळाची लेक म्हणून. येसायाचा धाकटा भाऊ मापोपा नदीपलीकडे राहायचा. तिथे त्याचं दुकान होतं आणि स्वतःची गिरणीही होती. मातीचे दिवस संपल्यावर तो मला न्यायला आला होता, भावाच्या विधवेला आपल्या घरात घ्यायची रीत होती म्हणून. मी गुडघे टेकून, मान खाली घालून नाही म्हटलं. तो रागावला नाही, हसला. पण पुढे घरातल्या मोठ्यांच्या बैठकीत म्हणाला की बाईच्या हातात इंजिन वर्षभर टिकत नाही, भावाची कमाई भंगारात जाईल.

तेव्हा गावप्रमुख लुहांगा यांनी तोड काढली. वर्षभर न्यामसिस्काने गिरणी चालवावी. वर्ष भरल्यावर इंजिन तपासायचं. नीट राखलेलं दिसलं तर मुलगा हाताशी येईपर्यंत गिरणी तिच्याकडेच राहील. हयगय दिसली तर मापोपाकडे जाईल.

ऐकायला सोपं होतं. पण गिरणी गेली असती तर त्या अंगणात राहायला मला काही कारणच उरलं नसतं. माहेरी जावं लागलं असतं, तेही एकटीने. लग्नात माझ्या वडिलांनी माझ्या बदल्यात सासरकडून गुरं घेतली होती, आणि गुरं घेतली की मुलं बापाच्या कुळाची. माझी मुलगी टेम्वा आणि मुलगा लुसुंगू मापोपाच्या चुलीवर वाढली असती आणि मी त्यांना लग्नकार्यात पाहुणीसारखी भेटले असते.

इंजिनाचं मला जे काही कळत होतं ते येसायाचं होतं. तरुणपणी तो जोहान्सबर्गकडे खाणीत गेला होता. तिथे त्याला जमिनीखाली न धाडता मोठमोठ्या डिझेल इंजिनांवर ठेवलं होतं. परत येताना त्याने गिरणी आणली आणि दोन हट्ट आणले. पहिला हट्ट तेलाचा. मोटारीचं तेल मोटारीला, डिझेलचं डिझेलला, असं म्हणायचा. त्याचं तेल जवळच्या रुम्फीत मिळायचं नाही. लांब म्झुझू शहरात जाऊन, डब्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचून तो ते आणायचा. दुसरा हट्ट बदलण्याचा. डिझेलचं एक पिंप संपलं की तेल बदलायचं. मग तेल चांगलं दिसो की वाईट दिसो, सुगीत ते लवकर संपो की पावसाळ्यात उशिरा संपो. मी एकदा विचारलं होतं, चर्चच्या पंचांगावर खूण का करत नाही? तो म्हणाला, "इंजिनाला रविवार कळत नाही. त्याने किती खाल्लं तेवढं बघ."

तो गेल्यावर मी तसंच चालवलं. पहाटे हँडल मारून इंजिन सुरू करायची. पहिले काही दिवस खांदा सुजला, मग सवय झाली. पिंप संपलं की गरम इंजिनाखाली पसरट भांडं ठेवून खालचा बोल्ट सोडायचा, जुनं तेल निथळू द्यायचं, नवं भरायचं. एका गोष्टीने मात्र जीव खालीवर व्हायचा. त्याचं ते निवडक, महागाचं तेल दोन दिवसांत काळं पडायचं. काळं म्हणजे हंडीच्या बुडासारखं. येसाया असताना मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला तो नव्हता.

नदीपलीकडे मापोपाचं इंजिन होतं. त्याच्या दुकानात मोठ्या डब्यातून सुटं तेल मिळायचं, मधासारखं पिवळं. तेच तो गिरणीला घालायचा. बाजाराच्या दिवशी लोकांसमोर तेल बघायची सळई बाहेर काढून दाखवायचा. म्हणायचा, महिने झाले, बदललं नाही, कशाला बदलू, बघा, अजून मध आहे. रोज थोडं वरून घालतो, झालं. लोक सळई बघायचे आणि मान डोलवायचे. स्वच्छ ते चांगलं, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

तपासणी रविवारी ठरली. त्याआधी बुधवारी मेकॅनिक वेडसन रुम्फीहून सायकल हाणत आला. तपासायचं काम त्यालाच दिलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण मापोपाच्या दुकानात त्याचं उठणंबसणं होतं. त्याने माझी सळई काढली, फडक्यावर पुसली आणि तो डाग कितीतरी वेळ बघत राहिला.

"न्यामसिस्का, हे कधी बदललं होतं?"

"परवा," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खोटं बोलते आहे आणि त्याला माझी कीव येते आहे. मग खालच्या आवाजात म्हणाला, "रविवारी लुहांगा पांढरं फडकं मागणार. त्यावर हे उमटलं तर मी काय बोलू? दिराच्या दुकानातून डबाभर पिवळं तेल आण. शनिवारी हे काढ, ते घाल. सोमवारी परत हवं ते कर. इंजिन एका दिवसात मरत नाही."

आणि मी आणायला जायच्या आधीच तो डबा दारात येऊन बसला. मापोपाने शुक्रवारी पाठवला, पैसे न घेता. निरोप होता की भावाच्या घराची बेअब्रू नको. ते तेल घातलं असतं तर मी वाचले असते, पण त्याच्या मेहेरबानीने. आणि त्यानंतर जन्मभर त्याचंच तेल घातलं असतं. आणि येसाया वेडा ठरला असता. नाही घातलं तर मुलं गेली असती. एका तेलावर कुणाची मुलं जातात का, असं आता मी माझ्या नातींना विचारते. त्या हसतात.

शनिवारी दुपारी दळण आटोपून मी इंजिनाखाली भांडं सरकवलं. डबा शेजारी ठेवला. पाना लावून बोल्ट सैल केला. तेलाची धार सुटायच्या आधी थेंब सुटतात, ते बोटांवर आले. कडकडीत गरम, काळे. येसाया तेल बोटांत चोळून बघायचा, म्हणून मीही चोळलं. खरखर लागते का बघत होते. एवढासाही कण लागला नाही. लोण्यासारखं मऊ होतं. मी पुन्हा चोळलं, मग कापडाला पुसलं. बोटांवर डाग राहिला, पण बोट गुळगुळीत होतं.

एवढ्यावर माणूस मुलांची बाजी लावत नाही, हे मला कळत होतं. तरी मी बोल्ट घट्ट केला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा एवढंच, की मी हयगय केली नव्हती, आणि केली असल्यासारखं ते तेल लपवायला हात धजावला नाही.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर सगळे थेट गिरणीकडे आले. लुहांगा, घरातले तीन-चार वडीलधारे, मापोपा नवा कोट घालून. माझ्या सासूबाई, न्यागोंड्वे, काठी टेकत आल्या आणि पिठाच्या पोत्यावर बसल्या. येसाया त्यांचा थोरला, मापोपा धाकटा. वर्षभरात त्या माझ्या बाजूनेही बोलल्या नव्हत्या, त्याच्याही नाही. दाराबाहेर बायका जमल्या. रविवारी गिरणी बंद असते हे ठाऊक असूनही दोघीतिघींनी पाट्या आणल्या होत्या. लाज राखायला कारण हवं.

वेडसनने सळई काढली. पांढऱ्या फडक्यावर पुसली. फडकं लुहांगांकडे दिलं, त्यांच्याकडून ते हातोहात फिरलं. बाहेरून एका बाईचा आवाज आला, "अगं आई, हा तर कोळसा." दुसरीने तिला चिमटा काढला असावा, कारण ती गप्प झाली.

मापोपा माझ्याकडे न बघता म्हणाला की त्याने मदत पाठवली होती, पण गर्वाला औषध नसतं. मग त्याने लुहांगांना विचारलं, आता अजून काय बघायचं राहिलं?

लुहांगांनी मला विचारलं. मी गुडघ्यांवरच होते. मी म्हटलं, सोमवारी पिंप संपलं तेव्हाच तेल बदललं, येसाया बदलायचा तसंच, तेलही त्याचंच. मापोपा हसला. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मग वरचं झाकण काढा. आत बघा."

वेडसनने मान वर केली. येसाया गेल्यापासून ते झाकण कुणी काढलं नव्हतं. आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. मी बोलून बसले होते.

नट जुने होते. पहिला सुटला, दुसरा सुटेना. वेडसनने डिझेल शिंपडलं, थांबला, पुन्हा जोर लावला. पाना घसरून त्याची बोटं सोलली. लुसुंगू माझ्या पाठीला चिकटून बसला होता, त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. शेवटी झाकण सुटलं आणि वेडसनने ते उचललं. सगळे वाकले.

आत सगळं काळं होतं.

मापोपा मोठ्याने हसला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात नदीसारखा आवाज सुरू झाला. टेम्वा दारात उभी होती. तिच्याकडे मी बघितलं नाही, मला बघवलं नसतं.

वेडसन मात्र हसला नाही. त्याने सोललेलं बोट तोंडात घातलं, मग फडक्याचा कोरा कोपरा घेऊन आतल्या एका स्प्रिंगवरून फिरवला. फडकं काळं झालं. स्प्रिंग चमकली, नव्या विळ्यासारखी. त्याने शेजारचा लोखंडी दांडा पुसला. तोही तसाच. कोपऱ्यात, जिथे गाळ साचतो, तिथे त्याने नख घातलं. नखावर फक्त तेल आलं. तो लुहांगांकडे वळून म्हणाला, "बाबा, इथे चिकटलेलं काही नाही. सगळं तेलातच आहे."

"म्हणजे?" लुहांगा म्हणाले.

वेडसनला ते शब्दांत मांडता येईना. मलाही येईना. तेवढ्यात पोत्यावरून सासूबाई बोलल्या.

"मापोपा, लहानपणी तुला नदीवर न्यायची, आठवतं? अंगाला राख लावून घासायची. खालचं पाणी कसं व्हायचं?"

"आई, ही काय वेळ आहे."

"कसं व्हायचं ते सांग."

त्याच्याऐवजी बाहेरच्या बायकांपैकी एकीने सांगितलं, "काळं व्हायचं, आगोगो आजी."

"पाणी स्वच्छ राहिलं असतं तर लोक म्हणाले असते, न्यागोंड्वेने पोराला नुसतं भिजवून आणलं." मग त्यांनी काठीने नदीपलीकडे दाखवलं. "तुझं तेल मध आहे ना? चल, तुझंही झाकण काढू. सून परीक्षेला बसली, लेक का नको?"

मापोपाचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. तो म्हणाला, त्याच्या इंजिनाचा इथे प्रश्नच नाही. लुहांगा म्हणाले, प्रश्न नाही, पण बघायला काय हरकत आहे, वेडसन आहेच. मापोपा म्हणाला, नट गंजले आहेत. मग म्हणाला, आज रविवार आहे. मग त्याने कोटाचं बटण लावलं आणि तो निघून गेला.

कुणी त्याच्या मागे गेलं नाही. लुहांगांनी झाकण परत लावायला सांगितलं आणि काळं फडकं घडी घालून माझ्या हातात दिलं. गिरणी तुझ्याकडे, एवढंच ते म्हणाले. मी फडकं घेतलं आणि रडायला मला आडोसा मिळेना, म्हणून तिथेच रडले. बाहेर पाटीवाल्या बाईने विचारलं, मग आता दळता का? लुहांगा म्हणाले की देवाला आज चालेल. मी हँडल मारलं.

पुढच्या सुगीत मापोपाचं इंजिन भर दळणात आवळून जाम झालं. पट्टा किंचाळला आणि सगळं गप्प झालं. झाकण काढलं तेव्हा आत शिळ्या सिमासारखा, म्हणजे वाळलेल्या मक्याच्या उकडीसारखा, काळा थर बसला होता, विळ्याने खरवडावा लागला. थोड्या दिवसांनी तो माझ्या दारात आला आणि उभ्याउभ्याच विचारलं, वहिनी, भाऊ म्झुझूला कुठल्या दुकानात जायचा? मी त्याला दुकानही सांगितलं आणि डब्यावरची अक्षरंही. त्याने नवं इंजिन घेतलं, आणि म्हातारपणी तो पिंपाच्या हिशोबाने तेल बदलायचा. तो गेला तेव्हा मी त्याच्यासाठी रडले, खरंच रडले.

लुहांगा बाबा १९९० सालच्या आसपास गेले. वेडसनने रुम्फीत स्वतःचं दुकान टाकलं. भिंतीवर त्याने लिहून ठेवलं होतं की तेल रंगावरून ओळखू नये. लोक तरीही सळई बघून वाद घालायचे. न्यागोंड्वे शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. त्या रविवारबद्दल मी त्यांचे आभार मानले तर म्हणायच्या, मी तुझ्यासाठी नाही बोलले, मला बायकांपुढे बोलायची हौस.

टेम्वा म्झुझूला नर्स आहे. लुसुंगू गिरणी चालवायचा. मग गावात वीज आली, मोटार बसवली, आणि इंजिन पाठीमागच्या शेडमध्ये गेलं. वर्षातून दोनदा मी ते त्याच्याकडून सुरू करवते. आता हँडल मारायची ताकद माझ्यात नाही. ते फुकफुकायला लागलं की मी सळई काढायला सांगते, तेल बोटावर घेते आणि चोळून बघते.