खांब काढण्याचा नारळ

सावळाराम आबांना सकाळपासून वाटत होतं, आज जाऊच नये. पण सायकल फेरी त्यांच्याच गावात, चिंचवळमध्ये, आणि मंडपाच्या फलकावर फोटोही त्यांचा. गावचे पुढारी तात्याबा यांच्या फोटोखाली, जरा लहान. आता न जाऊन कसं चालेल?

आबांचं गावाशी भांडण तसं एवढंसं होतं. शिरूरहून दौंडकडे जाताना चिंचवळचा फाटा लागतो. गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता सिमेंटचा झाला, तेव्हा आबांनी पंचायतीच्या मागे लागून कडेला सायकलीपुरती पट्टी राखून घेतली आणि तिच्यात कुणी घुसू नये म्हणून लोखंडी खांब रोवून घेतले. कारण घरातलंच होतं. त्यांची सून सुलक्षणा रोज सायकलवर फाट्याला जायची, तिथून कंपनीची बस तिला एमआयडीसीत न्यायची. एका हंगामात दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर तिला घासून गेला. ती सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत पडली, हात मोडला. "बास झाली नोकरी," आबांचा मुलगा माऊली त्याच दिवशी म्हणाला. तेव्हा आबा मध्ये पडले. "पोर नोकरी सोडनार न्हाई. तिला नीट रस्ता मी करून देतो." शब्द देऊन बसले, आणि तो पाळता पाळता म्हाताऱ्याचा पार पिट्टा पडला.

कारण खांब रोवले आणि गावाला एकाएकी अडचणी सुचायला लागल्या. लग्नाचा मांडव कुठं घालायचा? दुकानापुढं टेम्पो कुठं लावायचा? समोरून गाडी आली तर उसाचा ट्रॅक्टर कुठं दाबायचा? ट्रॅक्टर तात्याबांचेच, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न नेहमी आधी निघायचा. आबांना तोंडावर वाईट कुणी बोलायचं नाही. "आबा, तुमचं बराबर हाय, पन..." हा 'पन' ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. एका ग्रामसभेत तर कुणीतरी म्हणालं, एका सुनेपायी आख्ख्या गावाचा रस्ता अडवलाय, काढा ते खांब. त्या पट्टीवरून शाळेच्या पोरी जात, दूधवाले जात, पण सभेत हात वर करायच्या वेळी त्यांतलं कुणीही नसे.

आणि आता तात्याबांनीच सायकल फेरी काढली होती. दौंडचा सायकल क्लब बोलावला होता. घट्ट चड्ड्या, काळे चष्मे, एका हातानं उचलाव्यात अशा सायकली. मंडळी कुणाच्या तरी म्हशीला मध्ये घेऊन फोटो काढत होती आणि म्हैस बिचारी निमूट उभी होती.

आबांनी मनाशी ठरवलं होतं. माईक हातात आला की या परक्या माणसांसमोर सांगायचं, पट्टीचे खांब काढायचे नाहीत. पाहुण्यांपुढं तात्याबांना नाही म्हणता येणार नाही. निघताना सुलक्षणाही म्हणाली होती, "आबा, एकदा चारचौघांत बोलून टाका. फुडचं मी बघते." तिला सुट्टी होती. बायकांच्या घोळक्यात ती सायकल धरून उभी होती, धुऊन पुसून आणलेली.

फेटा बांधायला माणूस आला, आबांनी मान खाली केली. तात्याबांचं भाषण झालं. पर्यावरण झालं, आरोग्य झालं, पेट्रोलचे भाव झाले. माईक काही इकडे आला नाही. हातात नारळ मात्र आला.

फेरीचा असेल, असं समजून आबा उठले. सायकली रस्त्याच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या. लोकांनी आबांना खांद्याला धरून उजवीकडे नेलं. तिथं जेसीबी उभा होता. त्याला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं.

"हंगामापुरतं, मंडळी, फकस्त हंगामापुरतं खांब बाजूला घेतोय," तात्याबा माईकवर म्हणाले. "आबांनीच मोठं मन केलंय. तवा मान बी त्यांचाच!"

आबांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं. बोअर असो, नवा ट्रॅक्टर असो, दुकानाचं शटर असो, चिंचवळमध्ये नारळाशिवाय काही हलत नाही. ज्याच्या हातून नारळ फुटला त्याची संमती, मग त्यावर कुणी ब्र काढत नाही. आणि हातात दिलेला नारळ परत ठेवायचा नसतो. तसा अपशकुन गावात आजवर कुणी केलेला नव्हता.

तरीही 'न्हाई' म्हणता आलं असतं. एक शब्द होता. सुलक्षणा टाचा उंचावून इकडेच बघत होती. पण आबांच्या डोळ्यांपुढं पुढची ग्रामसभा आली, पुन्हा तो 'पन', पुन्हा ते टोमणे, पुन्हा कचेरीच्या बाकावर बसणं. त्यांना भीती वाटली नाही, भीड पडली असंही नाही. कंटाळा आला. हाडापर्यंत कंटाळा आला. ते वाकले आणि त्यांनी दगडावर नारळ आपटला.

नारळ स्वच्छ फुटला. टाळ्या पडल्या. आपल्यासाठीच फुटला असं समजून दौंडकरांनीही टाळ्या वाजवल्या आणि सायकली फाट्याकडे सुटल्या. मागून जेसीबी एकेक खांब उपटत निघाला.

घरी आल्यावर माऊलीनं फार आवाज चढवला नाही. "आबांनीच नारळ फोडल्यावर आता कुणाला बोलायचं? उद्यापासनं घरी ऱ्हा."

सुलक्षणानं आबांकडे पाहिलं. अशा वेळी ते बोलायचे, याची तिला सवय होती. आबा फेट्याची घडी घालत राहिले.

"मी जानार हाय," शेवटी तीच म्हणाली. "पट्टी असू दे न्हाईतर नसू दे." मग ती आबांजवळ आली. आवाजात राग नव्हता. राग असता तर आबांना सोसला असता. "आबा, तुम्ही लई दमलाय. आता माझ्यापायी कुनाशी भांडू नका."

"बरं," आबा म्हणाले.

आणि त्यांना खरोखरच बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, हे कळलं तेव्हा त्यांना तिच्याकडे वर बघवेना.

सकाळी तिनं सायकल बाहेर काढली. कारखान्याच्या वाटेला ट्रॅक्टर लागले होते, त्यांच्यावरच्या गाण्यांचे आवाज घरापर्यंत येत होते. रोज आबा दारात उभे राहून तिला वळणापर्यंत बघायचे. आज ते जागे होते, पण उठले नाहीत. तिच्या घंटीचा आवाज आला, मग ट्रॅक्टरचा हॉर्न आला, आणि आबांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.