कातरताना लागलेली झोप

व्हर्लिनने जन्मभर कोळशाच्या खाणीत रात्रपाळी केली. खाण बंद पडली, पण झोप काही परत आली नाही. गोळ्या झाल्या, गरम दूध झालं. तो आपला खिडकीशी बसून केंटकीच्या डोंगरांवर उतरणारं धुकं बघत राहायचा.

त्या हिवाळ्यात त्याची बायको नेल्डा नातीच्या पाळण्यासाठी फ्लॅनेलची गोधडी शिवायला बसली. या गोधडीच्या शिवणी आत दडवत नाहीत. वर उभ्या ठेवतात आणि त्यांच्या कडा थोड्या थोड्या अंतरावर कातरतात. धुतली की दोरे सुटून मऊ झालर फुलते.

"बसलाच आहेस तर कातर की," नेल्डा म्हणाली. "टाक्याला मात्र कात्री लावू नकोस."

"खाणीत सुरुंग लावलेत मी. मला कात्री शिकवतेस?"

कच्, कच्, कच्. कापड मांडीवरून गुडघ्यांवर ओघळत गेलं. मग आवाज थांबला. नेल्डाने वळून पाहिलं, तर कात्री बोटांत तशीच, हनुवटी छातीवर, आणि व्हर्लिन गाढ झोपलेला.

जागा झाल्यावर तो म्हणाला, "खाणीतच होतो गं. पण आत बर्फ पडत होतं. उबदार."

दुसऱ्या दुपारीही तसंच झालं. गोधडी पाळण्यापुरती झाली, तरी नेल्डाने आणखी एक ओळ जोडली. मग आणखी एक.

तिची बहीण फर्न आली आणि दारातच थबकली. "अगं, नात झालीये की घोडा?"

"हळू बोल! झोपलाय तो."

फर्नने गुपचूप कोट काढला आणि चौकोन कापायला बसली.

डोंगरावर पांढरी फुलं आली तोवर गोधडी सोफ्यावरून जमिनीवर उतरली होती. नात रांगायला लागली होती.

"तुझं काय चाललंय ते कळतं हं मला," एके दिवशी व्हर्लिन म्हणाला.

"कधीपासून?"

"केव्हाचंच. म्हणून तर हळू कातरतोय."

नेल्डा हसली आणि तिने शिलाई मशीनवर झाकण घातलं.

घरच्या वॉशिंग मशीनमध्ये गोधडी मावेना, म्हणून गावातल्या लाँड्रीत नेली. ड्रायरच्या जाळीतून कापडाची लव ओंजळी भरभरून निघाली. गरम गोधडी त्यांनी ओसरीवर पसरली. नात तिच्यावर रांगत गेली आणि मधोमध आडवी झाली. व्हर्लिन तिच्या शेजारी कलंडला, मग नेल्डाही.

आता त्याला झोप कधी येते, कधी नाही. नाही आली तर तो झालर बोटांनी चाळवत पडून राहतो, आणि नेल्डा त्याला विचारत नाही, जागा आहेस का म्हणून.