भरून आलेल्या बरण्या

डोंगरकडा गावच्या आरोहीला दहावीत जाता जाता एक गोष्ट पक्की कळली होती: जगाला शहाणं करायला एक मोबाईल पुरतो. आई शालूबाईच्या हातचं ओल्या हळदीचं लोणचं ती मोबाईलवरून विकायला लागली. दुकान कुठं? तर खताच्या पोत्यांच्या खोलीत! बापानं, म्हणजे शिवशंकरनं, पोती अंगणात काढून ताडपत्रीखाली घातली आणि ठणकावलं, "दिवाळीपर्यंत चाललं तर खोली तुझी. न्हाई तर माझी पोती परत आत."

व्हिडिओ बघून बघून आरोहीला समजलं, की आजकालच्या गिऱ्हाइकाला प्लास्टिक चालत नाही, काच लागते, आणि काच परत दिल्याचं पुण्यही लागतं. मग तिनं प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली: 'बरणी परत पाठवा, पुढच्या खरेदीवर सूट मिळवा.'

इथंच घात झाला. आपला माणूस एक वेळ सूट सोडेल, पण दुसऱ्याची बरणी रिकामी परत करील? नाव नको!

पहिली बरणी नाशिकच्या साधनाताईंची आली. आत चिवडा. सोलापूरहून शेंगदाण्याची चटणी. कोकणातून सुके बोंबील आले, तेव्हा माळकरी शिवशंकर नाक दाबून थेट मारुतीच्या पारावर जाऊन बसला. पुण्यात एकट्या राहणाऱ्या एका पोरानं सॉसच्या पुड्या भरल्या होत्या. सोबत चिठ्ठी, 'घरात एवढंच होतं, माफ करा.'

"काहून बघत बसलीस?" शालूबाई म्हणाली. "भर नव्या बरण्यांत लोणचं अन् धाड समद्यांला."

"अगं आई, त्यांनी ऑर्डरच न्हाई दिली!"

"लोकानं भरून धाडावं अन् आपण गप बसावं व्हय? नाक कापती का माझं?"

लोणचं फुकट गेलं. बरण्या पुन्हा भरून आल्या. पार्सलवाला नरसिंग मोटारसायकल सोडून ऑटो घेऊन यायला लागला. पोस्टाचा खर्च कोण करून राहिलंय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. एका बाईनं तर रिव्ह्यू टाकला, 'आम्ही लाडू पाठवले तेव्हा लोणचं काठोकाठ होतं, करंज्या पाठवल्या तर दोन बोटं कमी. तीन तारे.' विक्री मात्र शून्य!

दिवाळी तोंडावर आली. शिवशंकर खांद्यावर पोतं घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला. पण ठेवतो कुठं? जमिनीपासून पत्र्यापर्यंत बरण्याच बरण्या.

"हे दुकान हाय का लग्नाची कोठी?"

"थांबा ना पप्पा!" आरोहीच्या डोक्यात एकदम दिवा पेटला. "हेच विकते की!"

"लोकानं मायेनं दिलेलं इकती?" शालूबाई कडाडली.

"अन् तुझं ते हिरवं ब्लाऊजपीस? तू रूपाबाईला दिलं, तिनं केशरबाईला, अन् संक्रांतीला फिरून तुझ्याच ओटीत आलं. तेव्हा तू म्हणलीस, रंग लई झ्याक हाय!"

शालूबाईला एकदम चुलीवरचं दूध आठवलं. ती आत गेली.

आरोहीनं जाहिरात टाकली: 'गुपित बरणी! आत काय आहे, आम्हालाही आठवत नाही.' काय ती झुंबड! दुकानात जाऊन वांगंसुद्धा दाबून घेणारी माणसं न बघता बरण्या मागवायला लागली. नरसिंगला घोटभर चहा प्यायची सवड उरली नाही. पैसे खरेखुरे आले. शिवशंकरनं पोतं उचललं आणि परत ताडपत्रीखाली नेऊन ठेवलं. खोली आरोहीची झाली.

गुपित बरणी साधनाताईंनीही मागवली होती. त्यांना नेमका त्यांचाच चिवडा गेला. त्यांचा रिव्ह्यू आला, 'चिवडा बरा आहे. पण माझ्या हातची सर नाही. चार तारे.'

आरोही हसून हसून लोळली.

पाठोपाठ तीच बरणी नाशिकहून परत आली. भरलेली, अर्थातच. वर चिठ्ठी, 'करणारीला सांगा, चिवडा असा करतात.'

शालूबाईनं चिमूटभर तोंडात टाकला, डोळे मिटले.

"व्हय बाई," ती म्हणाली, "ह्यो मातर पहिल्यापेक्षा लई बेस जमलाय."