धारेवरचं गवत

वसुबारसेच्या सकाळी दिशा विळा घेऊन कड्याच्या धारेवर उभी होती आणि तिचे पाय पुढे जात नव्हते.

कुडपणच्या त्यांच्या वाडीत रीत होती. घरात नव्यानं आलेल्या सुनेनं गायीच्या पूजेचं गवत धारेखालून कापून आणायचं. धारेखाली हातभर रुंदीचा टप्पा होता. त्यावर कमरेएवढं गवत होतं आणि टप्प्यापलीकडे दरी.

"उतर गो," सासू सगुणाबाई म्हणाली. "माझी सासू उतरली, मी उतरले. माझ्या येळंला तर धुकं होतं."

शेजारची राहीबाई मागे बसून भारा बांधत होती. "महाडची हाय ती. पायाखाली लादी लागते तिला."

"लादी नको, काकू. न हलणारा दगड चालेल."

दिशानं वाकून विळ्याची मूठ कडेच्या दगडावर दाबली. दगड डुगडुगला. त्याच्याखालची ओली माती सुटून खाली गेली. ती कुठे पडली, ते ऐकू आलं नाही.

दिशाला दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक ही समोरची. दुसरी गोठ्यात, गोणपाटाखाली झाकून ठेवलेली स्कूटी. दिवाळीनंतरच्या सोमवारी तिला पोलादपूरच्या दूध संकलन केंद्रात दूध तपासायच्या कामावर रुजू व्हायचं होतं. दूध सकाळी लवकर येतं आणि वाडीची एसटी उन्हं चढल्यावर. स्कूटीवरून घाट उतरता आला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. श्रावणात ती पहिल्याच मोठ्या वळणावर पडली होती. त्यानंतर तिनं किल्लीला हात लावला नव्हता.

"एक भीती मोडली की बाकीच्या आपोआप मोडतात," नवरा जितेश मुंबईहून फोनवर म्हणायचा. तिला ते कधी पटलं नव्हतं. आता का पटलं नव्हतं, तेही कळलं. ती कितीही धीट झाली, तरी हा दगड सुटाच राहणार होता. वळणाचं तसं नव्हतं. त्या दिवशी वळणावर घाबरून तिनं पुढचा ब्रेक आवळला, म्हणून बारीक खडीवर चाक सरकलं होतं. तिथे तिला पाडलं होतं ते भीतीनंच.

ती धारेवरून मागे सरली.

"मी नाही उतरणार, आई."

"वाडी घाबरट म्हनंल."

"म्हणू दे. घाबरलेच आहे मी."

राहीबाई खळखळून हसली. सगुणाबाईनं वाकून तो दगड हातानं हलवून पाहिला. दिशानं घरामागच्या बांधावरचं गवत कापलं, चांगला घट्ट भारा बांधला आणि डोक्यावरून अंगणात आणला.

संध्याकाळी गायीला ओवाळून झालं. गायीनं गवत हुंगलं आणि ती खायला लागली.

"गायीला काय कळतंय, कुठलं हाय ते," राहीबाई म्हणाली.

"मग कुनासाठी उतरायचं होतं गो तिनं?" सगुणाबाईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दिशानं स्कूटीवरचं गोणपाट काढलं. पहिल्यांदा ती वळणापर्यंत गेली आणि गाडी हातानं ढकलत वळणापलीकडे नेली. नंतर पाय जमिनीला घासत. सगळी दिवाळी तिनं एवढंच केलं: वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. हात ऐकत नव्हते. भाऊबीजेला एकदा ऐकले, लगेच पुढच्या खेपेला पुन्हा आवळले गेले. तिनं गाडी फिरवली आणि परत वर नेली.

सोमवारी उजाडायच्या सुमारास सगुणाबाई अंगणात आली.

"बसा आई, बाजारात सोडते."

"नाय गो बाई! धा येळा धारेखाली उतरंन, ह्या गाडीवर नाय बसायची."

"भीती वाटते?"

"वाटते तर!" सगुणाबाईनं जरा विचार केला. "पन मला पोलादपुरात काम काय हाय?"

"काहीच नाही," दिशा म्हणाली. दोघी हसल्या.

"तुला हाय. जा तू."

मोठ्या वळणाच्या आधी दिशानं वेग कमी केला. भीती गेली नव्हती. तिनं बोटं ब्रेकवरून उचलली, गाडी किंचित कलली आणि वळली.